देवनारचा कचरा उचलाच, पण घरं बांधण्याआधी मातीचा अहवाल दाखवा

देवनारचं डंपिंग साफ करायला मुंबई महापालिकेने २,३६८ कोटींचं काम काढलंय, आणि हा पैसा खर्च व्हायलाच हवा असं माझं मत आहे. हे आधीच सांगते, कारण या विषयावर प्रश्न विचारला की लोक लगेच म्हणतात, तुम्हाला कामच नकोय. मला काम हवंय. १९२७ पासून तिथे कचरा पडतोय. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीतल्या लोकांच्या पिढ्या अख्ख्या शहराच्या घाणीशेजारी वाढल्या. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागून धूर दूरवर पसरला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा कुठे उरलेल्या मुंबईला देवनार आठवलं. १८५ लाख टन जुना कचरा आहे तो. एवढा पैसा सरकारी तिजोरीशिवाय येणार कुठून?

मी मुलुंडची. आमच्याकडचं डंपिंग १९६७ पासूनचं, २०१८ मध्ये बंद झालं आणि तिथे बायोमायनिंग सुरू झालं. देवनारलाही तेच होणार आहे, म्हणून ते नेमकं काय असतं ते सांगते. पोकलेनने ढीग फोडतात. कचऱ्याच्या लांबच लांब रांगा करून त्यावर जिवाणूंचं द्रावण मारतात, अधूनमधून उलटापालट करत वाळवतात आणि मग मोठ्या फिरत्या चाळणीतून काढतात. प्लास्टिक, चिंध्या, रबर हे सिमेंटच्या भट्ट्यांना जळण म्हणून जातं. दगडविटा भरावाला. आणि चाळणीखाली पडते ती बारीक, काळपट माती.

माझा सगळा जीव त्या मातीत अडकलाय. आपण ओला-सुका वेगळा करायला लागलो ते अगदी अलीकडे. त्याआधी कित्येक वर्षं घड्याळाचे सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे, थर्मामीटर, सगळं एकाच बादलीतून गेलं. जिवाणू भाजीचे देठ कुजवतात, शिसं कुजवत नाहीत. पारा आणि कॅडमियमही नाही. कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी जमिनीत किती खोल गेलं, हे चाळणीला कळत नाही. त्यासाठी बोअर मारून मातीचे आणि पाण्याचे नमुने घ्यावे लागतात. शेजारीच ठाण्याची खाडी आहे, जिला २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. ते पाणी कुठे जाऊन मिळतं हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. देवनारच्या ३११ एकरांपैकी सुमारे १२४ एकर राज्य सरकारने धारावी पुनर्विकासाला द्यायचं ठरवलंय. धारावीत ज्यांना घर मिळणार नाही, त्यांच्यासाठी तिथे इमारती उभ्या राहणार. २०१६ च्या घनकचरा नियमांत बंद केलेल्या भरावभूमीवर किमान १५ वर्षं देखरेख ठेवायची आणि वायू, झिरपणारं पाणी, जमिनीची स्थिरता तपासूनच वस्तीचा विचार करायचा, अशी अट होती. यावर उत्तर मिळतं की ढीगच उचलला तर ती अट कशाला? ढीग जाईल हो, पण खालची जमीन तीच राहणार ना! आणि तिथे राहायला जाणारी माणसं अशी आहेत की त्यांना ‘नको’ म्हणायची सोयच नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र नियम आणले. चांगली गोष्ट आहे. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, प्रदूषण मंडळाने तपासायच्या, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा; तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने पैसे घालायचे. पण नुसत्या घनकचऱ्याची डंपिंग मैदानं यातून वगळली आहेत. घातक द्रव्यं मर्यादेबाहेर सापडली तरच तिथे हे नियम लागू. म्हणजे मुळात तपासायलाच हवं!

आणि सरकारी मदत पोचते कुठे, तेही बघा. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा हलवायला १९८४ नंतर ४० वर्षं लागली. जानेवारी २०२५ मध्ये तो पिथमपूरला नेला, तोही उच्च न्यायालयाने मुदत घातल्यावर. तिथली माती आणि आसपासच्या वस्त्यांखालचं पाणी अजून तसंच आहे. देवनारच्या जमिनीची कुणाला तरी गरज लागली आणि हजारो कोटींचं काम निघालं. ज्या जमिनीला भाव नाही तिथल्या माणसांनी काय करायचं? अमेरिकेने १९८० मध्ये दूषित जागा साफ करायला सुपरफंड नावाचा निधी काढला तेव्हा तेल आणि रसायन कंपन्यांवर कर बसवून पैसा उभा केला होता. आपल्याकडेही २०१० पासून स्वच्छ ऊर्जा निधीसाठी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर घेतला जायचा, पुढे तो ४०० पर्यंत गेला. २०१७ मध्ये तो जीएसटीच्या भरपाईकडे वळवला. तसा राखीव निधी पुन्हा हवा, आणि त्यातून आधी जिथे लोक रोज दूषित पाणी पितात त्या जागा साफ व्हाव्यात.

देवनारसाठी माझी मागणी साधी आहे. कचरा उचलल्यावर प्रत्येक टप्प्यातल्या मातीचे आणि पाण्याचे अहवाल, काम घेतलेल्या कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून, मराठीत आणि हिंदीत, महापालिकेने जाहीर करावेत. शिवाजीनगरच्या प्रभाग कार्यालयात लावावेत. ज्यांना तिथे घर मिळणार आहे त्यांच्या हातात चावीच्या आधी ते कागद पडावेत. आकडे मर्यादेबाहेर आले, तर त्या तुकड्यावर इमारत नको. तिथे झाडं लावा, सौर पॅनल बसवा.