घराच्या विम्याचा फॉर्म विचारतो, जमीन खचली होती का? हो, खचली होती. मग?

सहा वर्षांपूर्वी बाजूच्या प्लॉटवर टॉवरच्या बेसमेंटसाठी खड्डा खणला आणि भर पावसात आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगचा एक कोपरा खचला. बेडरूमच्या दारावर करंगळी जाईल एवढी भेग. ओट्यावर लिंबू ठेवलं की आपसूक खिडकीकडे निघायचं. सोसायटीने वर्गणी काढून पायाखाली मायक्रोपायलिंग केलं, म्हणजे जमिनीत खोलवर बारीक खांब घालून आधार दिला, माझे चार लाख त्यात गेले. इंजिनियरने भेगेवर काचेची पट्टी चिकटवून दिली, जरा काही हललं की काच तडकणार. पाच पावसाळे झाले. काच शाबूत आहे.

आणि मला घराचा विमा मिळत नाही!

म्हणजे मिळतो हो. फॉर्मवर 'पूर्वी जमीन खचून नुकसान झालं होतं का?' याच्यापुढे 'नाही' लिहिलं की पाच मिनिटांत मिळतो. मी गाढव, 'हो' लिहिलं. एक कंपनी म्हणाली, केस वर पाठवलीय. वर म्हणजे बहुतेक स्वर्गात, कारण अजून कोणी खाली आलेलं नाही. दुसरीने सर्व्हेअर पाठवला. साहेब बुटांसकट आत आले, काचेवर नखाने टकटक केली आणि रिपोर्टात लिहिलं, 'भेग आढळली.' अरे, काच दिसली ना तुला? तिसरीने दिलं कोटेशन. शेजाऱ्याच्या चौपट प्रीमियम, वर १८ टक्के जीएसटी आणि खचण्याचं कलमच काढून टाकलेलं!

मग रात्री डोळे फोडून भारत गृह रक्षा पॉलिसीचा कागद वाचला. १ एप्रिल २०२१ पासूनची ही विमा नियामकाने ठरवून दिलेली स्टँडर्ड पॉलिसी. जमीन खचणं त्यात चक्क कव्हर आहे! आनंद दोन ओळी टिकला. खाली वगळलेल्या गोष्टी: भरावाची जमीन बसणं किंवा सरकणं, सदोष बांधकाम, खोदकाम. अहो, मग मुंबईत जमीन खचते तरी कशाने? सात बेटं भराव टाकूनच जोडलीत ना? आणि खोदकाम चालू नाही अशी एक गल्ली दाखवा मला.

म्हणजे गंमत बघा. आमचा कोपरा खोदकामाने खचला, त्याचा एक रुपयाही या पॉलिसीतून मिळाला नसता. पण त्याच खचण्याचा डाग माझ्या घराला जन्मभर! मला तर खचण्याचं कव्हर नकोच आहे. आग लागली, पाणी भरलं तर चार पैसे मिळावेत एवढंच. २६ जुलै बघितलीय मी, कमरेएवढ्या पाण्यातून.

एजंट म्हणतो, "दादा, 'नाही' टाका ना, कोण बघतंय?" क्लेम टाकला की हीच कंपनी बघणार, माहिती लपवली म्हणून फाईल तोंडावर मारणार, आणि तेव्हा हे महाशय फोन उचलणार नाहीत.

आज सकाळी परत त्याचा मेसेज: "दादा, फायनल करू का? फक्त तो एक कॉलम बदला." पुढे हात जोडलेले.