‘सगळं नेटवर आहे’, पण कोणतं?

जुन्या कार्टूनची रिळं जमवणाऱ्यांबद्दल एक मत सतत फिरत असतं: हा बालपणात अडकलेल्यांचा छंद आहे, त्या लघुपटांत मुलांसाठीच्या मारामारीपलीकडे काही नाही, आणि सगळं नेटवर फुकट मिळत असताना रिळांवर पैसे घालवणं व्यर्थ. मला यातलं काहीच पटत नाही.

‘मुलांसाठी’ हे सरळ चूक. ‘टॉम अँड जेरी’ 1940 साली सुरू झालं तेव्हा हे सात-आठ मिनिटांचे लघुपट अमेरिकेतल्या थिएटरांत मुख्य चित्रपटाआधी लागत आणि मोठी माणसं ते पाहून हसत. आपल्याकडे ते टीव्हीवरून घरात आले, म्हणून आपला तसा समज झाला.

खरा वाद ‘सगळं नेटवर आहे’ याच्याशी. 1956 मध्ये पॉपाय या खलाशाचे लघुपट टीव्हीसाठी विकले गेले आणि सुरुवातीच्या पाट्यांवरून पॅरामाउंट या स्टुडिओचं नाव काढलं गेलं. वॉर्नर स्टुडिओने आपले अनेक लघुपट पुन्हा प्रदर्शित करताना मूळ श्रेयनामावलीच कापली, तीही ज्यावरून सगळ्या प्रती निघतात त्या निगेटिव्हमधून! कोणी काय रेखाटलं ही नोंदच तिथे पुसली गेली. पोर्की पिग या कार्टून डुकराचे कृष्णधवल लघुपट 1960च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कोरियात हाताने गिरवून रंगवले, त्यात मधली चित्रं गाळली. सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीतली ‘टॉम अँड जेरी’ची चौकट टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी छाटली गेली. नेटवर यातलं नेमकं कोणतं रूप समोर येतं, हे बघणाऱ्याला कळतही नाही. जुनी प्रिंट, म्हणजे फिल्मची प्रत, हातात असलेल्याला कळतं. टेक्निकलर या रंगपद्धतीच्या प्रिंटचा लाल रंग आजही लाल दिसतो. ईस्टमनकलर या दुसऱ्या पद्धतीच्या जुन्या प्रिंट गुलाबी पडल्यात.

‘नुसती मारामारी’ म्हणणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून ऐकावं. संगीतकार स्कॉट ब्रॅडलीने टॉमच्या प्रत्येक धडपडीला वाद्यं बांधली, शोएनबर्ग या संगीतकाराची, बाराही स्वरांना सारखंच वजन देणारी पद्धतही वापरली. ऑर्केस्ट्राची एवढी मेहनत फुटकळ कामासाठी कोणी करत नाही.

आणि छंद व्यर्थ? ओसाकातल्या खेळण्यांच्या घाऊक बाजारात यासुशी वातानाबे या शाळकरी मुलाने 500 येनला एक 16 मिमीचं रीळ घेतलं होतं. 2018 मध्ये कळलं की तो डिस्नेचा 1928 सालचा ‘नेक अँड नेक’ आहे, ऑस्वाल्ड या कार्टून सशाचा हरवलेला लघुपट. मूळच्या पाच मिनिटांपैकी त्यात सुमारे दोन उरली आहेत.