चौथ्या मजल्यावरचा कुत्रा: नव्या सेक्रेटरींसाठी

सोसायटीचे सेक्रेटरी झालात, अभिनंदन! गच्चीची गळती, टँकरचं बिल, थकलेला मेंटेनन्स यांत चुकूनही पडू नका. ती दुखणी तुमच्या आधीच्या पाच सेक्रेटरींना पुरून उरली आहेत. नाव काढायचं असेल तर एकच काम हाती घ्या. चौथ्या मजल्यावरचा कुत्रा.

सुरुवात नोटिशीने. ‘रहिवाशांच्या असंख्य तक्रारी आल्याने...’ असं लिहा. असंख्य म्हणजे दोन, आणि त्यातली एक तुमच्याच घरातली असली तरी चालते. खाली ‘आदेशावरून’ हवंच. आदेश कोणाचा, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. नोटीस लिफ्टमध्ये लावा, पण कोपऱ्यातल्या पानाच्या पिंकेच्या जरा वर. पिंक टाकणारे सभासद आहेत, त्यांना दुखवू नये.

मग सर्वसाधारण सभा. कोरम भरणार नाही, काळजी नको. अर्धा तास थांबा, तहकूब सभेला कोरम लागत नाही. तेवढ्यात समोसे येतात आणि समोशांसाठी थांबलेले अकरा जण म्हणजेच लोकमत. ठराव मांडा: कुत्र्याला लिफ्टबंदी, भुंकण्यास मनाई, शक्यतो कुत्र्यालाच मनाई.

इथे एखादा शहाणा उठेल. त्याच्या हातात भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं असतील. तो वाचून दाखवेल की बहुमताने काय, एकमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, तिचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. भुंकणं हे बंदीचं कारण होत नाही. वर घटनेतलं ५१-अ कलम, प्राणिमात्रांबद्दल दया हे नागरिकाचं कर्तव्य वगैरे. ऐकून घ्या. मग शांतपणे विचारा, “तुमचा पार्किंगचा काय प्रश्न होता हो?” तो खाली बसतो.

त्याच कागदात मालकांनाही चार गोष्टी सांगितल्या आहेत: पट्टा बांधा, लस टोचा, घाण झाली तर उचला. त्या मात्र चौथ्या मजल्यावर कळवू नका. त्यांनी पाळल्या तर तक्रारीला उरेल काय?

भुंकण्याची नोंद वहीत मिनिटांसकट ठेवा. त्याच वेळी सातव्या मजल्यावर ड्रिल चालू असेल, खाली गणपतीचा डीजे दणाणत असेल, त्याकडे लक्ष देऊ नका. ते आपले लोक.

एवढं केलंत तर सहा महिन्यांत ते कुटुंब कंटाळून जाईल. फ्लॅट भाड्याने लागेल आणि तिथे नोकरी करणारी चार अविवाहित पोरं येतील. नोटिशीचा मसुदा फाडू नका. ‘कुत्रा’ हा शब्द तेवढा खोडायचा आहे.