क्षीरसागरांचा क्रमांक

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील स्ट्रकम्प हे दोन शब्दांची तुलना करणारे फंक्शन अक्षरे ओळखत नाही, केवळ बाइट, म्हणजे अक्षरांमागचे आकडे पाहते. आणि आमच्या सोसायटीची सभासद-यादी ज्या प्रोग्रॅममधून निघते, त्यात एका माजी चिटणिसांनी आडनावांची तुलना याच निर्विकार कारकुनाकडे सोपवली होती. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी असल्यामुळे काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी येत, तर शाळेपासून हजेरीपटाच्या तळाशी राहिलेले क्षीरसागर, ‘क’ला हलन्त लावून पुढे ‘ष’ अशी त्यांची घडण असल्याने, थेट खऱ्यांच्या वर जाऊन बसत. पार्किंगची जागा यादीच्या क्रमाने निवडायची असते, म्हणून हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा नव्हता. (‘ॲड.’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि त्याला ‘ह’च्याही बऱ्याच नंतरची जागा मिळाली, पण आमच्या वकिलांची कैफियत पुन्हा कधी तरी.)

कासारांच्या तक्रारीवरून दुरुस्ती माझ्याकडे आली. स्थानिक वर्णक्रम पाळणारे स्ट्रकोल हे फंक्शन १९८९च्या मानकापासून सीमध्ये आहे. मात्र प्रत्येक प्रोग्रॅम ‘सी’ नावाच्याच लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे एखाद्या भाषेच्या नि प्रदेशाच्या नियमांचा संच) जन्मतो, त्यामुळे लोकेल बदलणाऱ्या सेटलोकेलला हाक मारेपर्यंत स्ट्रकोलही स्ट्रकम्पचीच री ओढते. हाक मारल्यावर माझ्या संगणकावर यादी शहाण्यासारखी लागली. कार्यालयातल्या संगणकावर मराठी लोकेल बसवलेलेच नव्हते, आणि अशा वेळी सेटलोकेल आरडाओरडा न करता नल, म्हणजे रिकामे उत्तर, परत करून गप्प बसते. लोकेल बसवले, यादी ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ या क्रमाने निघाली, तोच काळेकाका मेंटेनन्सचा धनादेश घेऊन आले. छापील यादीत त्यांचे नाव ठळक होते, पण शोध घेणारे बीसर्च चिटणीसकाळापासून स्ट्रकम्पलाच विचारून चाललेले असल्यामुळे त्याने ‘असा सभासद नाही’ असे जाहीर केले.

“मग भरू नको का?” काकांनी आशेने विचारले.

बीसर्चही स्ट्रकोलच्या हवाली केले. दुसऱ्या दिवशी क्षीरसागरांनी, पार्किंगपुरती तरी यादी ‘सी’ लोकेलमध्येच ठेवावी, असा लेखी अर्ज समितीकडे दिला. अनुमोदक म्हणून खाली काळेकाकांची सही आहे.