भूर्ज, बेरेझा आणि फॉरवर्डवाले

‘संस्कृत ही सगळ्या भाषांची जननी’ म्हणणाऱ्या मेसेजांनी आता झाडांनाही साक्षीला उभं केलंय. युक्रेनियन लोक बर्चला ‘बेरेझा’ म्हणतात, म्हणजे आपला भूर्ज. झाडाला ‘देरेवो’, म्हणजे आपलं दारु (संस्कृतात लाकूड). सबब युक्रेनियन काय नि लॅटिन काय, झाडांची नावं इथूनच गेली.

भूर्जाचं नातं खरंच आहे. पण ते बहिणींचं, आई-लेकीचं नव्हे. ‘चकाकणं, पांढरं असणं’ अशा अर्थाच्या एका जुन्या मुळातून दोघी निघाल्या; त्या झाडाची साल पाहिली की कारण कळतं. लॅटिनमध्ये त्याच मुळातून ‘फ्राक्सिनुस’ आला असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तो बर्च नव्हेच, अ‍ॅश नावाचं वेगळंच झाड! खुद्द बर्चसाठी रोमनांनी ‘बेतुला’ हा शब्द गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) इथल्या लोकांकडून घेतला. रोमन लेखक प्लिनी त्याला गॉलचंच झाड म्हणतो. नावं संस्कृतातून आयती मिळत होती, तर शेजाऱ्याकडे हात पसरायची वेळ का आली?

‘देरेवो’मुळे तर मेसेजची पंचाईतच होते. या सगळ्या बहिणींच्या समाईक मूळ भाषेतले अ, ए, ओ हे वेगवेगळे स्वर संस्कृतात एका ‘अ’मध्ये विरघळले. (संस्कृतात दिसणारे ए-ओ हे अइ-अउपासून झालेले.) युक्रेनियनच्या कुळातल्या स्लाव्ह भाषांनी मात्र ‘ए’ वेगळा जपला. ताकाचं पुन्हा दूध होत नाही. मग ‘दारु’मधून ‘देरेवो’तला ‘ए’ कुठून निघणार? (आपली प्यायची दारू फारसीतून आली, तिला यात ओढू नका.)

युक्रेनियनमधली बाकीची नावं? ‘बुक’ म्हणजे बीच (beech) हे झाड, हा शब्द जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या) भाषांकडून आलेला. ‘चेरेश्न्या’, गोड चेरी, लॅटिनकडून. ‘दुब’ म्हणजे ओक. त्याच्या मुळाबद्दल अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कीव्हच्या रस्त्यांवरचा प्रसिद्ध ‘कश्तान’ (म्हणजे चेस्टनट) तर खरा चेस्टनटही नाही. त्याचं शास्त्रीय नाव ‘एस्कुलुस’, जे रोमनांच्या तोंडी एका प्रकारच्या ओकचं नाव होतं.

वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमध्ये संस्कृतातून गेलेलं झाडाचं नाव हवंच असेल तर ते आहे: ‘सेद्रुस देओदारा’, आपला देवदार. ते दिलं वनस्पतिशास्त्रज्ञांनी, तेही 19व्या शतकात. मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. आणि युक्रेनियनमध्ये या झाडाला म्हणतात ‘हिमालयातला केद्र’ (केद्र म्हणजे सीडर): देव गेला, दारु गेलं, हिमालय तेवढा उरला.