स्टेडियम उघडण्याआधीच विचारून घ्या

आपल्या क्लबचे नवे स्टेडियम बांधले जाणार हे एकदा जाहीर झाले, की चाहते पुढची काही वर्षे हौशी अभियंते होऊन जातात. कोणत्या स्टँडचे लोखंड उभे राहिले, छत कधी चढणार, खुर्च्यांचा रंग जर्सीच्या रंगाशी जुळतो की नाही, यावर सामन्याच्या निकालाइतक्याच हिरिरीने वाद होतात आणि बांधकामावरून फिरणाऱ्या ड्रोनची चित्रफीत लोक एखाद्या मालिकेच्या नव्या भागासारखी पाहतात. या उत्साहाची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही, कारण तशा चित्रफिती मीही रात्री उशिरापर्यंत पाहिलेल्या आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. उद्घाटनापूर्वीचा काळ हा चाहत्यांच्या शब्दाला वजन असण्याचा काळ असतो, आणि एकदा काँक्रीट घट्ट झाले, खुर्च्यांना क्रमांक पडले व तिकिटांचे दर छापले गेले, की मग केलेली तक्रार म्हणजे वरातीमागून घोडे.

अलीकडच्या काळात ही प्रतीक्षा इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांइतकी क्वचितच कोणी अनुभवली असेल. १८९२ मध्ये भाड्यावरून वाद झाला म्हणून या क्लबने अॅनफील्ड हे मैदान सोडले (रिकाम्या पडलेल्या त्या मैदानासाठी मग लिव्हरपूल नावाचा क्लब निघाला, हा इतिहासाचा खोडकरपणा एव्हर्टनच्या लोकांना आजही कोणीतरी ऐकवतोच) आणि त्याच वर्षी गुडिसन पार्क हे आपले नवे मैदान उघडले. तेथे १९६६ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला, आणि त्याच स्पर्धेत उत्तर कोरियाविरुद्ध तीन गोलांनी मागे पडलेल्या पोर्तुगालला युसेबिओने चार गोल करून ५-३ असे जिंकून दिले तेही तेथेच. एका हंगामात लीगचे ६० गोल करणाऱ्या एव्हर्टनच्या डिक्सी डीनने १९८० मध्ये लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहताना याच मैदानावर शेवटचा श्वास घेतला. असे मैदान सोडायचे म्हटल्यावर निर्णय सोपा नव्हताच. शतकाच्या आरंभी किंग्ज डॉक या गोदीवर स्टेडियम बांधण्याची योजना पैशांअभावी बारगळली. त्यानंतर शहराबाहेर कर्कबीला जाण्याच्या प्रस्तावावर २००७ मध्ये चाहत्यांचे मतदान झाले. बहुमत बाजूने पडले, तरी शहर सोडायचे नाही म्हणणारा गट गप्प बसला नाही, आणि २००९ मध्ये सरकारनेच ती योजना नाकारली. अखेर मर्सी नदीच्या काठची, १८४८ मध्ये सुरू झालेली ब्रॅमली-मूर गोदी निवडली गेली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काम सुरू झाले.

त्यानंतरची चार वर्षे मोठी विचित्र होती. एकीकडे गोदीत आयरिश समुद्रातली वाळू भरली जात होती, त्या वाळूवर स्टँड उभे राहत होते. दुसरीकडे संघ दोन हंगाम पदावनतीच्या, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण्याच्या, अगदी कडेवर जाऊन परत आला, आर्थिक नियम मोडल्याबद्दल त्याचे गुण कापले गेले आणि मालकही बदलले. सुमारे ५३ हजार आसनांच्या त्या देखण्या वास्तूचे उद्घाटन दुसऱ्या श्रेणीतल्या सामन्याने होते की काय, ही धास्ती त्या काळात चाहत्यांच्या प्रत्येक गप्पेत होती. शहरालाही किंमत मोजावी लागली, कारण जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलला जागतिक वारशाच्या यादीतून वगळले, त्यामागच्या कारणांमध्ये बंदराच्या परिसरातील नव्या बांधकामांसह या स्टेडियमचाही उल्लेख होता. ज्या गोदीजवळ एरवी फारसे कोणी फिरकत नव्हते तिची युनेस्कोला एवढी काळजी का, असा उलटा प्रश्न अनेक चाहत्यांनी केला, आणि मला तो पूर्णपणे गैर वाटत नाही.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. गुडिसनमध्ये छताला आधार देणारे खांब होते आणि काही जागांवरून गोलपोस्टचा एक भाग दिसतच नसे. तिथे वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसाला कॉर्नर कोणत्या बाजूने मारला की मान किती वाकवायची हे अंगवळणी पडलेले असते. त्याच्या पुढच्या रांगेतला माणूस कधी उभा राहणार, डावीकडचे काका पंचांना कोणत्या मिनिटाला पहिली शिवी घालणार, मध्यंतराला कोण कोणासाठी चहा आणणार, हे सगळे ठरून गेलेले असते. या लोकांना एकमेकांचे आडनावही ठाऊक नसते आणि सामना नसलेल्या दिवशी ते एकमेकांना भेटतही नाहीत, तरी एकाची खुर्ची सलग दोन सामने रिकामी दिसली की दुसरा अस्वस्थ होतो. जुन्या मैदानाबद्दल जी माया वाटते तिच्यातला मोठा वाटा विटांचा नसून या शेजाराचा असतो, आणि कोणत्याही संकल्पचित्रात हा शेजार दाखवता येत नाही. म्हणून सीझन तिकीटधारकांना नव्या जागा कशा वाटल्या जाणार, हा प्रश्न मला छताच्या आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

साधारणपणे होते असे, की क्लब ज्येष्ठतेनुसार वेळा ठरवून देतो, चाहता ऑनलाइन रांगेत थांबतो, मग पडद्यावर ठिपक्यांचा नकाशा उघडतो आणि त्यातला एक ठिपका निवडून घड्याळ संपण्याआधी पैसे भरायचे असतात. पद्धत न्याय्य आहे, पण ती एकेकट्या ग्राहकाचा विचार करून बनवलेली आहे. चाळीस वर्षे तिकीट असलेले आजोबा पहिल्या दिवशी निवड करतात, त्यांची नात चौथ्या आठवड्यात करते, आणि तोवर आजोबांच्या आजूबाजूचे सगळे ठिपके गेलेले असतात. यावर उपाय अवघड नाही: गटाने अर्ज करू द्यावा, गटाची ज्येष्ठता कशी मोजणार हे आधी सांगावे, आणि शेजारच्या रांगांतले लोक एकमेकांना शोधू शकतील अशी काही सोय मैदान सोडण्याच्या निदान एक हंगाम आधी करावी. काही क्लब यातले थोडेफार करतातही. परंतु ही मागणी नकाशा उघडण्याआधी झाली तरच तिला अर्थ असतो.

दुसरा प्रश्न अंतराचा. प्रेक्षकसंख्येचा आकडा मोठा असला की छाती फुगते हे मान्य. तरी त्या आकड्याने फसू नये. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबने २०१६ मध्ये बोलिन ग्राउंड हे जुने मैदान सोडले आणि २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियममध्ये मुक्काम हलवला. आसने दीडपटीहून अधिक झाली, प्रौढांसाठीचे सर्वांत स्वस्त सीझन तिकीट २८९ पौंडांना मिळू लागले, आणि याबद्दल क्लबचे कौतुकच केले पाहिजे. मात्र ते स्टेडियम धावण्याच्या स्पर्धांचा विचार करून आखलेले असल्याने गोलामागची पहिली रांगसुद्धा मैदानापासून लांब राहिली. पूर्वी ज्यांना थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूशी दोन शब्द बोलता येत असत, त्यांना आता तो दुरूनच पाहावा लागे. २०१८ च्या मार्चमध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात काही प्रेक्षक थेट मैदानात उतरले. त्या रागाची कारणे अनेक होती, त्यात हे अंतरही होते.

याउलट उदाहरण इटलीच्या युव्हेंटस क्लबचे आहे, आणि ते मला फार आवडते. १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेले देले आल्पी हे सुमारे ६९ हजार आसनांचे स्टेडियम त्यांच्या चाहत्यांना कधीच आपले वाटले नाही, कारण तेथेही मध्ये धावपट्टी होती आणि ते बहुतेक वेळा अर्धे रिकामे असे. क्लबने ते पाडून त्याच जागी जवळजवळ ४१ हजार आसनांचे, म्हणजे चांगलेच लहान, स्टेडियम बांधले व पहिली रांग मैदानाला खेटून आणली. ८ सप्टेंबर २०११ रोजी उद्घाटनाच्या सामन्याला एखादा बलाढ्य युरोपीय संघ न बोलावता त्यांनी इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतल्या नॉट्स काउंटीला निमंत्रण दिले, कारण युव्हेंटसच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी मुळात त्या क्लबकडून आलेली आहे. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. त्या हंगामात संघ लीगमध्ये एकही सामना न हरता विजेता झाला; त्याचे सगळे श्रेय स्टेडियमला देणे भाबडेपणाचे ठरेल, पण आकार कमी करण्याची हिंमत दाखवणाऱ्या क्लबबद्दल माझ्या मनात आदर आहे.

उद्घाटनाच्या तारखेबाबत चाहत्यांनी जरा सबुरीने घ्यावे असे मात्र मला वाटते. लंडनच्या टॉटनहॅम क्लबने मे २०१७ मध्ये व्हाइट हार्ट लेन या जुन्या मैदानाचा निरोप घेतला, नवे स्टेडियम सप्टेंबर २०१८ मध्ये उघडेल असे सांगितले, सुरक्षाव्यवस्थेत दोष निघाले, आणि पहिला अधिकृत सामना ३ एप्रिल २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध झाला. मधल्या काळात वेम्बली या राष्ट्रीय स्टेडियमच्या अवाढव्य स्टँडमध्ये विखुरलेले चाहते वैतागून गेले होते. तरीही आग लागल्याची सूचना देणारी यंत्रणा नीट चालत नसताना दारे उघडणे हा पर्याय असूच शकत नाही, विशेषतः ज्या देशाने १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियममधली जीवघेणी चेंगराचेंगरी पाहिली आहे त्या देशात. इंग्लंडमध्ये पूर्ण क्षमतेला परवानगी मिळण्याआधी मर्यादित प्रेक्षकांसह चाचणीचे सामने घ्यावे लागतात ते याचसाठी. एव्हर्टनने फेब्रुवारी २०२५ मध्ये असा पहिला सामना आपल्या १८ वर्षांखालील संघाचा ठेवला, दहा हजार लोक एका मुलांच्या मैत्रीपूर्ण सामन्याला कडाक्याच्या थंडीत आले, आणि नव्या मैदानावरचा पहिलावहिला गोल पाहुण्या विगनच्या मुलाने केला. सामनाही विगननेच जिंकला. एव्हर्टनच्या चाहत्यांनी तेही हसत सहन केले. त्यांना त्याचा सराव आहे.

त्या मानाने वाहतुकीविषयी आगाऊ प्रश्न विचारण्याचा उत्साह नेहमीच कमी दिसतो. ५० हजार लोक एका संध्याकाळी नव्या परिसरात येतात आणि शिट्टी वाजल्यावर सगळे एकदमच निघतात. ब्रॅमली-मूरला सर्वांत जवळचे स्टेशन सँडहिल्स आहे, ते लहान आहे, आणि सामन्यानंतर तेथे रांगा लागणार हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. सामना सुटल्यावर स्टेशनपर्यंत चालत किती वेळ लागेल, रात्रीच्या सामन्यानंतर शेवटची गाडी मिळेल का, गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचे, हे प्रश्न संकल्पचित्राच्या पहिल्या सादरीकरणातच विचारायला हवेत.

जुन्या आठवणी नव्या भिंतींवर लावण्याबद्दल मी फार काही लिहिणार नाही, कारण ते काम उशिरा केले तरी चालते. आर्सेनल २००६ मध्ये हायबरी सोडून एमिरेट्समध्ये गेले तेव्हा ती वास्तू चकचकीत पण परकी वाटते अशी तक्रार झाली. मग २००९ पासून क्लबने बाहेरच्या भिंतीवर दिग्गज खेळाडूंची पाठमोरी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली भव्य चित्रे लावली आणि बरेच काही सुधारले. चित्रे नंतर लावता येतात. स्टँडचा उतार नंतर बदलता येत नाही.

दरांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. नवे स्टेडियम कर्जावर उभे राहते, कर्ज फेडण्यासाठी सामन्याच्या दिवसाचे उत्पन्न वाढवावे लागते, आणि ते वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे मधल्या मजल्यावरच्या महागड्या, जेवणासह मिळणाऱ्या जागा. त्याला माझा सरसकट विरोध नाही. त्या जागांमुळे गोलामागची तिकिटे स्वस्त राहणार असतील तर खुशाल असाव्यात. पण तसे होणार असेल तर तो हिशेब आधी लेखी दाखवावा. टॉटनहॅमने दक्षिणेला साडेसतरा हजार लोकांचा एकसंध स्टँड बांधला, एव्हर्टननेही सुमारे तेरा हजारांचा उंच चढाचा एकसंध स्टँड दक्षिणेलाच ठेवला. दोन्हींच्या मागे जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या ‘पिवळी भिंत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टँडचे आकर्षण आहे हे उघड आहे. परंतु डॉर्टमुंडची ती भिंत गरजते याचे कारण नुसता चढ नाही. तेथे जवळपास २५ हजार लोक उभे राहतात आणि उभ्याच्या तिकिटाचा दर विद्यार्थ्याला व कामगाराला परवडेल असा राखलेला असतो. उतार उसना घेतला आणि दर घेतला नाही, तर तसा आवाज येणार नाही.

गुडिसनचा पुरुष संघापुरता शेवटचा सामना १८ मे २०२५ रोजी झाला आणि २४ ऑगस्टला, म्हणजे गुडिसन उघडल्याच्या बरोबर १३३ व्या वर्धापनदिनी, नव्या मैदानावर लीगचा पहिला सामना होऊन एव्हर्टनने ब्रायटनला २-० असे हरवले. जुने गुडिसन आता क्लबच्या महिला संघाला मिळाले आहे, ही या संपूर्ण प्रकरणातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट.

आता पाळी मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांची आहे. मार्च २०२५ मध्ये क्लबने ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्या मैदानाच्या शेजारी एक लाख आसनांच्या स्टेडियमची योजना जाहीर केली, तीन उंच खांबांवर ताणलेल्या छत्रीसारख्या छताची चित्रे जगभर फिरली, आणि चर्चा त्या छताभोवतीच फिरत राहिली. छत सुंदर की सर्कशीचा तंबू, हा वाद मजेशीर आहे, तो जरूर घालावा. पण अजून पाया खणलेला नाही, म्हणजे विचारायला भरपूर वेळ आहे: या लाखातल्या किती जागा साध्या सीझन तिकिटाच्या असतील, उभे राहून पाहण्यासाठी किती राखल्या जातील, सर्वांत वरच्या रांगेतून चेंडू किती दूर दिसेल, आणि आज ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडमध्ये शेजारी शेजारी बसणाऱ्या चौघांना तेथेही शेजारी शेजारी बसता येईल का.