लिंबूटिंबूला खेळायला घ्या

ऑनलाइन सेवा 'एंगेजिंग' करायची असं मीटिंगमध्ये ठरलं की फळ्यावर लगेच चार शब्द येतात: पॉइंट्स, बॅज, लीडरबोर्ड (कोण पुढे, कोण मागे याची यादी), स्ट्रीक (सलग किती दिवस आलात त्याची मोजणी). मी अंधेरीत अ‍ॅप डिझाइनचं काम करते आणि हे चार शब्द बघितले की मला खरंच वाईट वाटतं. खेळाकडून घेण्यासारखं इतकं असताना आपण नेमकं वरवरचं तेवढं उचललं.

लगोरी आठवा. सात चपट्या दगडांची चळत आणि एक चेंडू. काय करायचं ते बघताक्षणी कळतं. नेम लागला की नाही, तेही तिथल्या तिथे कळतं. चुकलात तर पाळी जाते, बाकी काही बिघडत नाही. आणि कोणाचं धाकटं भावंड मागे लागलं तर त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. ते सगळ्यांबरोबर धावतं, चेंडू फेकतं, पण आउट होत नाही. बघून बघून शिकतं आणि एक दिवस आपणच म्हणतं, आता मलाही राज्य द्या. यात पॉइंट कुठेच नाहीत, तरी संध्याकाळी आईला चार हाका माराव्या लागायच्या.

आता माझ्या दादरच्या मावशीचं बघा. दुकानात क्यूआर कोड समोर असला तरी ती पर्समधून नोटाच काढते. तिला वाचता येतं, बटणं कळतात, फोनही चांगला आहे. चुकीच्या जागी बोट लागलं तर पैसे जातील, ही तिची भीती आहे. ती खोटी नाही, कारण तिला सराव करायला जागाच नाही. पहिला डाव थेट खऱ्या पैशांचा! यूपीआयच्या नेहमीच्या व्यवहारात सहसा पिन टाकल्याशिवाय पैसे जात नाहीत आणि पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे दोन नियम एखाद्या सरावाच्या स्क्रीनवर खेळवून शिकवता येतील. खोटे शंभर रुपये द्या, खोटा भाजीवाला ठेवा, मध्येच 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' म्हणणारा खोटा ठगही पाठवा. मावशी एकदा तिथे फसली तर खऱ्या ठगाला फसणार नाही. असा सराव कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त माणसं जोडेल, अशी माझी खात्री आहे.

बक्षिसांनी लोक येतात, हे मी नाकारत नाही. गुगलने 2017 मध्ये तेझ (आताचं गुगल पे) आणलं तेव्हा स्क्रॅच कार्डांमुळे कितीतरी जणांनी पहिल्यांदा फोनवरून पैसे पाठवले. 2019 च्या दिवाळीत तर गुगल पेवर स्टॅम्प जमवून बक्षीस मिळवायला जो तो रांगोळीचा स्टॅम्प शोधत होता. कधी मिळेल हे ठाऊक नसलेलं बक्षीस माणसाला धरून ठेवतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या कबुतरांवरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. पण लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा प्रयोग फार कोणी आठवत नाही. चित्रं काढायची मुळात आवड असलेली बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात याच मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. आवडीच्या कामाला बक्षीस चिकटवलं की आवड मरू शकते.

म्हणून मला एम-इंडिकेटर या मुंबई लोकलच्या अ‍ॅपवरचा ट्रेनचा चॅट महत्त्वाचा वाटतो. गाडी कुठे अडकली, कुठली लेट आहे, हे लोक तिथे एकमेकांना सांगतात. त्याचे पैसे मिळत नाहीत. आपल्यामागे प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्याला उपयोग होतो, एवढं पुरतं. उद्या तिथे प्रत्येक मेसेजला नाणी देऊन बघा, खोट्या बातम्यांचा पाऊस पडेल.

पॉइंट द्यायचेच असतील तर स्टॅक ओव्हरफ्लोसारखे द्यावेत. 2008 मध्ये सुरू झालेल्या, प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या या साइटवर 15 पॉइंट झाले की दुसऱ्याच्या चांगल्या उत्तराला मत देता येतं, 2000 झाले की कोणाचीही पोस्ट थेट सुधारता येते. तिथे पॉइंट साठले की जबाबदारी वाढते.

याउलट, मी एका सरकारी पोर्टलवर गटाराच्या झाकणाची तक्रार केली होती. नंबर मिळाला आणि 'प्रक्रियेत आहे' हे दोन शब्द. तक्रार कोणाकडे गेली, पुढची पायरी कुठली, मी काय करायचं, काही नाही. खेळात चेंडू फेकल्यावर लागला की नाही हे कोणी सांगितलंच नाही, तर दुसऱ्यांदा कोण फेकेल? लोक तक्रारी करत नाहीत म्हणून नागरिकांना बोल लावण्याआधी एवढं तरी दुरुस्त करायला हवं.

आणि जिथे बक्षिसांचं हे तंत्र सगळ्यात जोरात वापरलं जातं, तिथे मला राग येतो. 'अजून दोन ऑर्डर, मग बोनस' हा पट्टा डिलिव्हरीच्या मुलाच्या स्क्रीनवर भर पावसात सरकत असतो. लीडरबोर्डवर हरलेला गेम बंद करून झोपतो, या मुलाला घरभाडं द्यायचं असतं. ज्याला खेळ सोडून जाता येत नाही त्याच्यावर खेळाची युक्ती वापरू नये, हे माझं ठाम मत आहे. ग्राहकांसाठी निदान नियम आले आहेत: 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांवर, बंदी घातली. खोटी घाई, गुपचूप कार्टमध्ये टाकलेली वस्तू, बाहेर पडू न देणारं सबस्क्रिप्शन, सगळं त्यात आहे. डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाने ती यादी वाचावी.

माझ्या मित्रयादीत बँकांच्या आणि पेमेंट अ‍ॅपच्या टीममध्ये काम करणारे बरेच जण आहेत. सरावाचा मोड बनवायला घेतलात तर मला कळवा. चाचणीसाठी मावशी आणि तिच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या मैत्रिणी यायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. मात्र दुपारी चारनंतर ठेवा आणि अक्षरं मोठी ठेवा.